जुन्या ट्रकचा स्टिअरिंग पंप आणि पुल्या: पट्टा एका रेषेत येत नाही

हौशी कारागीर

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९६९ सालचा शेव्हरोले सी-१० पिकअप आहे. त्याचे मूळचे ३०७ घन इंचांचे व्ही-८ इंजिन कामातून गेल्यामुळे मी १९७८ च्या ट्रकमधून उतरवलेले ३५० चे इंजिन त्यात बसवले. वॉटर पंप, त्याची पुली, क्रँक पुली आणि अल्टरनेटर हे सर्व जुन्या इंजिनावरचेच ठेवले, कारण ते सुस्थितीत होते आणि पंखा व रेडिएटर यांच्यातले अंतर बदलू नये अशी माझी इच्छा होती. पॉवर स्टिअरिंगचा जुना पंप मात्र शाफ्टच्या सीलमधून गळत होता, म्हणून त्याच्या जागी नव्या इंजिनाबरोबर आलेला पंप त्याच्याच ब्रॅकेटसह लावला आहे. दोन्ही पंप सॅगिनॉचे, मागे पत्र्याची टाकी असलेले असून वरवर पाहता सारखेच दिसतात.

अडचण अशी की या पंपाची पुली क्रँक पुलीच्या रेषेत येत नाही, ती रेडिएटरच्या बाजूला पुढे राहते. इंजिन आयडलवर असताना पट्टा कसाबसा चालतो, परंतु आरपीएम वाढवले की तो खोबणीच्या कडेवर चढतो आणि दोनदा निसटूनही गेला आहे. गाडी उभी असताना स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवले की पट्टा किंचाळतो, तो प्रकार वेगळाच. जुन्या पंपाची पुली या पंपावर चढवून पाहावी म्हटले, तर ती बसतच नाही, कारण जुन्या शाफ्टला ‘की’ (पुली शाफ्टवर फिरू नये म्हणून खाचेत बसवलेला धातूचा तुकडा) आणि नट आहे, तर या शाफ्टचे टोक गुळगुळीत असून त्यात आतून आटे पाडलेले आहेत.

माझे प्रश्न असे आहेत. ब्रॅकेटच्या मागेपुढे वॉशर घालून किंवा काढून हे जुळवणे योग्य ठरेल का, की पुलीच बदलावी लागेल? पुली बदलायची झाल्यास तिचा व्यास कसा ठरवावा? एका परिचितांनी पंपावर लहान पुली लावण्याचा सल्ला दिला आहे, म्हणजे पंप वेगाने फिरेल आणि स्टिअरिंग हलके होईल. हा सल्ला मानावा का?

मोजपट्टी

तुमच्या इंजिनावर सध्या दोन वेगवेगळ्या काळांतले सुटे भाग एकत्र आले आहेत आणि बहुतेक सर्व त्रास तिथूनच सुरू होतो. शेव्हरोलेच्या या स्मॉल ब्लॉक इंजिनांवर आखूड आणि लांब असे दोन प्रकारचे वॉटर पंप येतात. ब्लॉकच्या तोंडापासून हबच्या दर्शनी पृष्ठापर्यंत मोजले तर आखूड पंप सुमारे ५ ५/८ इंच, म्हणजे १४३ मिमी भरतो आणि लांब पंप सुमारे ६ १५/१६ इंच, म्हणजे १७६ मिमी. मोटारींवर १९६९ पासून लांब पंप येऊ लागला, परंतु ट्रकवर १९७२ पर्यंत आखूड पंपच राहिला. त्यामुळे तुमचा १९६९ चा ट्रक आखूड पंपाच्या घराण्यातला आणि १९७८ चे इंजिन लांब पंपाच्या घराण्यातले, अशी ही जोडी आहे. फरक ३३ मिमी, अर्थात साडेदहा सूत. क्रँक पुली, वॉटर पंपाची पुली, अल्टरनेटरचा आणि स्टिअरिंग पंपाचा ब्रॅकेट हे सर्व त्या त्या घराण्याच्या लांबीनुसार बेतलेले असते, त्यामुळे त्यांतला एक तुकडा दुसऱ्या घराण्यात गेला की तो रेषेबाहेर पडणारच.

प्रत्यक्षातला फरक बरोबर ३३ मिमी असेलच असे मात्र गृहीत धरू नका. स्टिअरिंगचा पट्टा क्रँक पुलीच्या कोणत्या खोबणीवर आहे, ती पुली किती खोल आहे, ब्रॅकेटमागे किती लांबीच्या नळ्या आहेत, यांवर तो आकडा ठरतो. म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी सर्व मापे एकाच पृष्ठापासून घ्या. ते पृष्ठ म्हणजे ब्लॉकचे पुढचे तोंड, जिथे वॉटर पंप टेकतो. डँपरची (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या कंपन शोषणाऱ्या चाकाची) कड, टायमिंग कव्हर किंवा रेडिएटरची चौकट यांपासून घेतलेली मापे पुढे उपयोगी पडत नाहीत. ब्लॉकच्या तोंडावर सरळपट्टी आडवी धरा, तिच्यापासून क्रँक पुलीच्या प्रत्येक खोबणीच्या मध्यापर्यंतचे अंतर खोलीमापकाने घ्या आणि तसेच स्टिअरिंग पुलीचेही घ्या. खोबणीचा मध्य डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा दोन्ही कडांची मापे घेऊन त्यांची सरासरी काढणे अधिक भरवशाचे असते.

किती चूक चालते हेही सांगतो. व्ही-बेल्टसाठी, म्हणजे तुमच्यासारख्या निमुळत्या बाजूंच्या पट्ट्यासाठी, साधारण अर्ध्या अंशापर्यंतचा तिरकसपणा सहन होतो असे धरतात. दोन पुल्यांमधला पट्ट्याचा मोकळा टप्पा २५० मिमी असेल, तर हा फरक दोन मिमीच्या थोडा वर जातो. मी स्वतः अर्ध्या सुताच्या आत आल्याशिवाय काम संपले असे मानत नाही.

मापे टाका, मग पुढे बोलू.

लेथवाला

शाफ्टबद्दल लिहितो, कारण दुकानातून चुकीची पुली येते ती बहुधा इथेच.

सॅगिनॉचे हे पंप बाहेरून सारखे दिसत असले, तरी शाफ्ट दोन प्रकारचे असतात. जुन्या प्रकारात सुमारे ५/८ इंची शाफ्ट, त्यात अर्धचंद्राकृती की आणि पुढे नट असतो. नंतरच्या प्रकारात पाऊण इंची गुळगुळीत शाफ्ट असून पुली त्यावर दाबून बसवलेली असते आणि शाफ्टच्या टोकात ३/८ इंचाचे आटे असतात, ते पुली दाबण्याच्या हत्याराचा बोल्ट धरण्यासाठी. जुन्या पुलीचे भोक लेथवर मोठे करून ती नव्या शाफ्टवर दाबून बसवण्याची कल्पना कोणी सुचवली तर ऐकू नका. त्या पुलीच्या हबची जाडी की आणि नटासाठी बेतलेली असते, भोक मोठे केल्यावर कीच्या खाचेपाशी भिंत फारच पातळ उरते, आणि दाबून बसवण्याचा घट्टपणा तर मिमीच्या काही शतांशांचाच असतो. तेवढी अचूकता साधली तरी खाचेपाशी हब फाटण्याची भीती राहतेच.

दाबून बसवायची पुली काढताना पुलीच्या कडेला पंजे लावून ओढू नये. त्या हबच्या पुढच्या टोकाला एक गोल खाच असते, तिला दोन अर्धगोल पकडी धरतात आणि मधला बोल्ट शाफ्टवर टेकतो, असे त्याचे खास पुलर मिळते. कडेला ओढल्यास पत्रा वाकतो आणि मग पुली कितीही रेषेत आणली तरी प्रत्येक फेऱ्यात झोकांडी खाते. बसवताना हातोडा तर मुळीच वापरू नये. आत शाफ्टवर रोटर एका बारीक रिंगने अडकवलेला असतो, हातोड्याचा मार थेट त्या रिंगवर आणि मागच्या तबकडीवर जातो आणि पंप बसवण्याआधीच खराब होतो. बोल्ट शाफ्टच्या आट्यांत पूर्ण आत घालून बेअरिंगवर फिरणाऱ्या नटाने पुली सावकाश दाबावी, तेल लावावे, आणि हबचे तोंड शाफ्टच्या टोकाशी समतल आले की थांबावे.

समतल येते त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे थोडे सरकवून रेषा जुळवता येते, हे खरे आहे. पण ती सवलत मिमी-दीड मिमीची. हबचा बराचसा भाग शाफ्टबाहेर लोंबकळत ठेवून एक सेंटीमीटर मिळवण्याचा प्रयत्न केला, तर पट्ट्याच्या ताणाने पुली एक दिवस शाफ्टवरून फिरत बाहेर येईल.

एक विचारतो. जुना पंप, त्याचा ब्रॅकेट आणि त्याची पुली अजून तुमच्याकडे आहे ना? हे त्रिकूट कारखान्यातून एकमेकांशी जुळवूनच आले होते, आणि तुमची क्रँक पुलीही त्यांच्याच घरची आहे. ब्लॉकचे तोंड १९७८ मध्येही तेच आहे. नुसता सील बदलून जुना पंप परत का लावत नाही?

हौशी कारागीर

दोघांचेही आभार. मोजपट्टींनी सांगितल्याप्रमाणे ब्लॉकच्या तोंडापासून मापे घेतली. क्रँक पुलीला दोन खोबणी आहेत. मागची १०५ मिमीवर असून तिच्यावर वॉटर पंप आणि अल्टरनेटरचा पट्टा आहे आणि तो अगदी सरळ चालतो. पुढची १२१ मिमीवर आहे, ती स्टिअरिंगसाठी. नव्या पंपाच्या पुलीची खोबण १३१ मिमीवर येते. म्हणजे पंप दहा मिमी पुढे आहे, आणि मोकळा टप्पा २५० मिमीच्या आसपास आहे.

पुलीची खोबण टॉर्चच्या उजेडात पाहिली. तिची इंजिनाकडची भिंत आरशासारखी चकचकीत झाली आहे, समोरची भिंत मात्र धुळकट, जवळजवळ कोरी आहे. ब्रॅकेटच्या मागे रबराची काळी भुकटी साचली आहे.

लेथवाले यांच्या प्रश्नाचे उत्तर: जुने त्रिकूट शाबूत आहे, परंतु जुन्या पंपाच्या शाफ्टवर सीलची ओठळी जिथे घासते तिथे चर पडला आहे. बोट फिरवले तर नख त्यात अडकते. नवा सील घातला तरी तिथून तेल येईल अशी माझी समजूत आहे. नव्या पंपाचा शाफ्ट मात्र स्वच्छ आहे, त्यात खुळखुळ नाही आणि तो गळतही नाही.

लेथवाला

नख अडकते म्हणजे नवा सील टिकणार नाही, तुमची समजूत योग्य आहे. मग कीचा चांगला शाफ्ट असलेला तशाच प्रकारचा दुसरा पंप मिळाला तर उत्तम, नाहीतर आहे तोच नवा पंप रेषेत आणायचा. भिंतीच्या चकाकीचे वर्णन नेमके आहे. पट्टा सरळ चालत असेल तर दोन्ही भिंती सारख्याच घासतात.

मोजपट्टी

दहा मिमी म्हणजे २५० मिमीच्या टप्प्यात सव्वादोन अंशांहून जास्त तिरकसपणा झाला, मर्यादेच्या चौपटीहून अधिक. पट्टा निसटला यात नवल नाही.

माझे मत विचाराल तर लांब वॉटर पंपाचे पूर्ण घराणे बसवा. वॉटर पंप, त्याची पुली, दोन किंवा तीन खोबणींची क्रँक पुली, दोन्ही ब्रॅकेट, सर्व काही १९७३ नंतरच्या ट्रकचे. तुमच्या इंजिनाच्या हेडच्या टोकांना अ‍ॅक्सेसरी बसवण्याचे छेद आहेत, कारण ते १९६९ पासूनच्या हेडवर येतात, त्यामुळे नंतरचे ब्रॅकेट बसायला अडचण नाही. पंखा ३३ मिमी पुढे जाईल, तेवढी जागा आहे का हे आधी पाहा. पंख्याच्या मागे स्पेसर असेल तर तो काढून बरीचशी भरपाई होते. एकदा सर्व भाग एकाच घराण्याचे झाले की पुढे पट्टा, पुली, बेअरिंग काहीही घ्यायचे असले तरी एकच वर्ष सांगून काम भागते.

लेथवाला

मोजपट्टी यांचा मार्ग चुकीचा नाही, पण इथे मला तो पटत नाही. वॉटर पंप आणि अल्टरनेटरचा पट्टा सरळ चालतो आहे. रेषेबाहेर आहे तो एकटा स्टिअरिंग पंप. एकाला आत आणण्यासाठी चार भाग बाहेर का काढायचे? शिवाय लांब घराण्याची पुली म्हणून जे मिळेल ते खरोखर त्याच ट्रकचे आहे की मोटारीचे, याची खात्री नग हातात धरून मोजल्याशिवाय होत नाही.

आधी हे करून पाहा. नवा पंप जुन्या ब्रॅकेटवर बसतो का ते तपासा. पंपाच्या ओतीव तोंडावरचे आट्यांचे छेद पुष्कळदा जुळतात, मागे टाकीजवळचा आधाराचा स्टड मात्र वेगळ्या जागी असू शकतो. बसला तर पुन्हा माप घ्या. ब्रॅकेटमागे नळ्या आहेत का, असल्यास त्यांची लांबी किती, हेही लिहा.

वॉशरविषयी: पंप पुढे आणायचा असता तर ब्लॉक आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये स्पेसर घालणे सोपे होते. तोही एका अखंड तुकड्याचा, दोन्ही तोंडे समांतर खरडलेला असावा. चार वॉशर एकावर एक रचले की ते कंपनाने दबतात, बोल्ट ढिला होतो आणि काही दिवसांनी ब्रॅकेटच्या कानाला तडा जातो. तुम्हाला पंप मागे न्यायचा आहे, त्यामुळे वॉशरचा प्रश्नच उद्भवत नाही.

तेलपाणी

रेषेची चर्चा योग्य हातांत आहे, म्हणून मी व्यास आणि किंचाळणे या दोन गोष्टींबद्दल लिहितो. लहान पुलीचा सल्ला अर्धाच बरोबर आहे आणि तुमच्या बाबतीत तो उलटा पडेल.

हा पंप दर फेऱ्याला ठरावीक तेल ढकलतो. उदाहरणादाखल फेऱ्याला १५ घन सेंमी धरू. क्रँक पुली १७८ मिमीची आणि पंपाची १४६ मिमीची असेल, तर गुणोत्तर १.२२ येते. इंजिन ६०० आरपीएमवर आयडल करत असताना पंप ७३० फेरे घेईल आणि गळती वगळता मिनिटाला सुमारे ११ लिटर तेल देईल. पंपाची पुली १२७ मिमीची केली तर गुणोत्तर १.४० होऊन फेरे ८४० आणि तेल साडेबारा लिटरच्या पुढे जाईल. आयडलवर तेल कमी पडत असल्यामुळे स्टिअरिंग जड होत असेल, तर हा फरक हाताला जाणवतो. परंतु इंजिनाने वेग घेतला की पंपातला प्रवाह-नियंत्रक व्हॉल्व्ह जास्तीचे तेल आतल्या आत परत वळवतो, त्यामुळे स्टिअरिंग बॉक्सकडे जाणारा प्रवाह त्यापुढे वाढत नाही. वाढते ती फक्त उष्णता. इंजिन ४५०० आरपीएमवर असताना १४६ मिमीच्या पुलीवर पंप साडेपाच हजारांच्या आत राहतो, १२७ मिमीच्या पुलीवर तो ६३०० वर जातो. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या पंपात तेल फेसाळते, पंप विव्हळू लागतो आणि पात्यांची झीज वाढते.

आता किंचाळण्याकडे येऊ. स्टिअरिंग टोकाला भिडले की बॉक्समधून तेल पुढे जायला वाट उरत नाही, दाब वाढत जाऊन रिलीफ व्हॉल्व्ह उघडेपर्यंत पोहोचतो. या पंपांमध्ये तो ट्रकसाठी साधारण १२०० पौंड प्रति चौरस इंचाच्या आसपास, म्हणजे ८३ बार असतो असे धरू. ८३ बार दाब आणि फेऱ्याला १५ घन सेंमी तेल यांवरून शाफ्टवरचा पीळ जवळपास २० न्यूटन-मीटर निघतो. हा पीळ वेगावर अवलंबून नाही, केवळ दाबावर आणि पंपाच्या आकारावर अवलंबून आहे. तो देण्यासाठी १४६ मिमीच्या पुलीच्या कडेवर पट्ट्याला सुमारे २८ किलोचा जोर लावावा लागतो, १२७ मिमीच्या पुलीवर ३१-३२ किलोचा. पुली लहान झाली की जोर वाढतो आणि पट्टा पुलीला कवटाळतो ती लांबीही कमी होते. थोडक्यात, किंचाळणारा पट्टा लहान पुलीवर आणखी किंचाळेल. स्टिअरिंग आज जड नाही, फक्त आवाज करते, असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते, तेव्हा व्यास मूळचाच ठेवा. सध्याच्या पुलीचा आणि जुन्या कीच्या पुलीचा व्यास मोजून कळवा.

किंचाळण्याची दोन कारणे मी आधी तपासतो. पहिले म्हणजे खोबणीची रुंदी. या ट्रकांवर ३/८ इंची पट्ट्याच्या पुल्या येतात, तशाच अर्धा इंचीही. रुंद खोबणीत अरुंद पट्टा बसवला तर तो खाली जाऊन तळाला टेकतो. व्ही-बेल्टची पकड भिंतींवर असते, तळावर नाही. तळ चकचकीत दिसला की पट्टा टेकतो आहे हे निश्चित. नीट बसलेल्या पट्ट्याची वरची बाजू पुलीच्या कडेच्या बरोबरीला किंवा केसभर वर दिसते. दुसरे म्हणजे ताण. मात्र रेषा जुळण्यापूर्वी ताण वाढवू नका, तिरक्या पट्ट्याला जास्त ताण दिला तर पंपाच्या बुशवरच भार येतो.

आणि टोकाला भिडवलेले स्टिअरिंग चार-पाच सेकंदांहून अधिक धरून ठेवू नये. त्या वेळी सगळी ताकद तेल तापवण्यातच खर्च होत असते.

हौशी कारागीर

तेलपाणी यांनी गणित उलगडून दाखवल्यामुळे लहान पुलीचा विचार सोडून दिला. दोन्ही पुल्यांचा बाहेरचा व्यास मोजला. जुनी १४६ मिमी आहे आणि नव्या पंपावरची १४८ मिमी, तेव्हा तिथे काही करण्याची गरज दिसत नाही. दोन्हींची खोबण ३/८ इंचीच आहे. पट्टा मात्र जुना होता, त्याच्या दोन्ही बाजू काचेसारख्या कडक आणि गुळगुळीत झाल्या आहेत.

लेथवाले यांच्या सूचनेप्रमाणे नवा पंप जुन्या ब्रॅकेटवर लावला. पुढच्या तोंडाचे छेद जुळले. मागचा आधार जुळला नाही, त्यासाठी नव्या ब्रॅकेटचा मागचा तुकडा वापरला, तो आश्चर्यकारकरीत्या जागेवर बसला. आता पुलीची खोबण १२४ मिमीवर येते, म्हणजे फक्त तीन मिमी पुढे. जुन्या ब्रॅकेट आणि ब्लॉकच्या मध्ये दोन नळ्या आहेत, एक २२ मिमीची आणि दुसरी ३५ मिमीची. उरलेले तीन मिमी पुली शाफ्टवर आणखी आत दाबून मिळवता येतील का?

लेथवाला

पुलीला हात लावू नका. तीन मिमी आत दाबली तर हबचे मागचे टोक पंपाच्या तोंडाला घासण्याची शक्यता असते. दोन्ही नळ्या तीन-तीन मिमीने कमी करा, म्हणजे १९ आणि ३२. दोन्हींमधून सारखेच कापायचे आणि तोंडे लेथवर एकाच पकडीत खरडून घ्यायची. करवतीने कापून कानशीने घासलेले तोंड डोळ्याला सरळ दिसते, पण बोल्ट आवळला की ब्रॅकेट तेवढाच तिरका ओढला जातो आणि मग खोबण मधोमध येऊनही पुली झुकलेलीच राहते. मागच्या तुकड्याचे छेद लांबट असतील तर तीन मिमी सहज सामावेल. नसतील तर तोही तेवढाच मागे घ्या, ताणून बोल्ट घालू नका. टाकीच्या पत्र्यावर ताण बसला की तिच्या मागच्या ओ-रिंगमधून तेल झिरपू लागते.

कापण्यापूर्वी पंपाची टाकी आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्यात किती जागा उरते तेही पाहा.

मोजपट्टी

मी पूर्ण घराण्याचा पुरस्कार केला होता आणि नवे इंजिन उभे करताना आजही तेच सुचवीन. परंतु तीन मिमीच राहिले असतील तर नळ्या कापणे सर्वांत सुटसुटीत. फक्त नळ्या कापल्यावर झुकाव वेगळा तपासा. मधोमधची मापे जुळणे आणि दोन पुल्या समांतर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पंपाच्या पुलीच्या तोंडावर सरळपट्टी उभी आणि आडवी अशी दोन्हीकडून धरून ब्लॉकपर्यंतचे अंतर दोन टोकांना घ्या, सारखे आले पाहिजे. मग स्पार्क प्लग काढून ठेवून क्रँक हाताने फिरवा आणि पुलीच्या कडेजवळ खडूचे टोक स्थिर धरा. खडूची रेघ कडेभर सारखी उमटली तर पुली सरळ आहे, एकाच बाजूला उमटली तर ती वाकलेली आहे.

क्रँक पुलीचे तीन बोल्ट एकदा काढून तिच्यामागे गंज किंवा रंगाचा थर नाही ना, हेही पाहून घ्या. तिथला अर्धा मिमी बाहेरच्या कडेला बराच मोठा होतो.

हौशी कारागीर

नळ्या लेथवर १९ आणि ३२ मिमी करून घेतल्या. खोबण आता १२१.५ मिमीवर आहे आणि पुलीच्या दोन्ही टोकांचे अंतर सारखे येते. टाकी आणि मॅनिफोल्ड यांच्यात बोटभर जागा आहे. क्रँक पुलीच्या मागे खरोखरच रंगाचा जाड थर होता, तो खरवडून काढला. नव्या पट्ट्याची लांबी कशी ठरवावी आणि ताण किती द्यावा, एवढेच राहिले. होज जोडताना काही पथ्य आहे का?

तेलपाणी

पंप समायोजनाच्या खाचेत आतल्या टोकापासून एक तृतीयांश अंतरावर ठेवा, खोबणीतून सुतळी फिरवून घट्ट धरा आणि तिची लांबी मोजा. तेवढ्या बाहेरच्या लांबीचा पट्टा घेतला तर बसवताना तो कडेवरून ओढावा लागत नाही आणि ताणायलाही खाच शिल्लक राहते. ताण देताना पहार टाकीच्या पत्र्याला मुळीच टेकवू नका, पत्रा लगेच चेपतो आणि टाकी गळू लागते. ती पंपाच्या ओतीव भागाला किंवा ब्रॅकेटला लावा. २५० मिमीच्या टप्प्याच्या मध्यावर अंगठ्याने जोरात दाबल्यावर पट्टा पाच-सहा मिमी दबला पाहिजे. नवा पट्टा सुरुवातीला ताणला जातो, म्हणून इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालवून, थंड झाल्यावर पुन्हा तपासा.

होजबद्दल: १९७८ चा पंप आणि १९६९ चा स्टिअरिंग बॉक्स या दोन्हींवर फ्लेअरची (नळीचे पसरट केलेले टोक बैठकीवर आवळायची) जोडणी आहे, त्यामुळे तुमचा जुना होज चालेल. पुढेमागे १९८० नंतरचा पंप घ्यायची वेळ आली तर सावध राहा, त्यावर मेट्रिक आट्यांची आणि ओ-रिंगची जोडणी येते. त्या प्रकारचा होज फ्लेअरच्या छेदात आवळला तर आटे धरल्यासारखे वाटतात, पण बैठक जुळत नाही आणि दाब आला की तेलाची चिळकांडी उडते.

हवा काढण्यासाठी पुढची चाके जमिनीवरून उचला, टाकी भरा आणि इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहा. पातळी उतरेल तसे तेल घाला. ती स्थिर झाली की मगच इंजिन सुरू करा. तेलात बारीक फेस किंवा दुधाळपणा दिसला तर इंजिन बंद करून तासभर थांबा आणि पुन्हा फिरवा. हवा आत असताना इंजिनाचा वेग वाढवला की ती तेलात आणखी मिसळते आणि पंप विव्हळतो तो आवाज पट्ट्याचाच आहे असे वाटत राहते.